बहुतेक इक्विटी (शेअरमधली गुंतवणूक) डॉलरमधे आहे, मग बाँड फंड कुठला घ्यायचा?

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय 41, घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत अमेरिकन कंपनीत. कंपनीचे आरएसयू (पगारासोबत मिळणारे कंपनीचे शेअर) साठत साठत 45 लाख झालेत, एस अँड पी 500 आणि नॅसडॅक 100 च्या फंडात मिळून 25 लाख, निफ्टी इंडेक्स फंडात 10 लाख, पीएफ 22 लाख, मुलगी नववीत. बोनस आणि बचत मिळून 15 लाख हातात आहेत आणि ते बाँडमधे टाकून बॅलन्स साधायचाय. तुमच्यासमोर पर्याय तीन: अमेरिकन ब्रोकरकडून ग्लोबल बाँड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घ्यायचा फंड), इथला दहा वर्षांचा कॉन्स्टंट ड्युरेशन गिल्ट फंड (कायम त्याच मुदतीच्या आसपासचे सरकारी रोखे ठेवणारा), नाहीतर क्रेडिट रिस्क फंड (जास्त व्याजासाठी कमी पत असलेल्या कंपन्यांना कर्ज देणारा).

सगळ्यात आधी, तुमच्याकडे डेट (व्याज देणारी गुंतवणूक) शून्य नाहीये. पीएफ हा डेटच आहे, त्यावर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज मिळालंय, एवढं व्याज आणि तेही या सुरक्षिततेवर देणारा बाँड फंड मला तरी माहीत नाही. म्हणजे आज 102 लाखांत 22 लाख डेट आहे, हे 15 घातले की 117 मधे 37, जवळपास 32 टक्के. तुमच्या वयाला हे अगदी व्यवस्थित आहे, आणखी वाढवायची गरज नाही. फक्त पीएफ हवा तेव्हा पूर्ण काढता येत नाही, म्हणून हे 15 लाख अशा जागी हवेत जिथून दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात येतील आणि मार्केट पडलेलं असतानाही ती रक्कम जवळपास तेवढीच राहील.

आता ग्लोबल बाँड ईटीएफ. इक्विटी ग्लोबल आहे म्हणून बाँडपण ग्लोबल हवेत, असं तुम्ही लिहिलंय, तिथे मी सहमत नाही. 2022 मधे काय झालं बघा, फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) व्याजदर झपाट्याने वाढवले आणि एस अँड पी 500 साधारण 18 टक्के पडला त्याच वर्षी अमेरिकन बाँडचा मुख्य इंडेक्स पण 13 टक्क्यांच्या आसपास पडला, म्हणजे ज्याने सांभाळायचं तोच सोबत खाली गेला. त्या वर्षी रुपया 74 वरून 82 च्या पुढे घसरला म्हणून आपल्याकडच्या लोकांना ते तेवढं जाणवलं नाही, पण डॉलरचा हा आधार तुम्हाला आरएसयू आणि अमेरिकन फंडातून आधीच मिळतोय, तोच पुन्हा विकत घेण्यात अर्थ नाही. मुलीचं कॉलेज, घरखर्च, सगळं रुपयात होणार आहे, तर शांत बसणारा पैसा रुपयातच ठेवा. (मुलगी बाहेरच शिकणार हे पक्कं असेल तर गोष्ट वेगळी, मग थोडा भाग डॉलरमधे राहू दे.)

शिवाय कागदोपत्री त्रास. एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला 10 लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (आगाऊ टॅक्स) कापला जातो, म्हणजे तुमचे 1 लाख रिटर्न भरून क्रेडिट मिळेपर्यंत अडकणार. आणि एक गोष्ट जी बऱ्याच आयटीवाल्यांना कुणी सांगतच नाही: अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या नावावर तिथली 60 हजार डॉलरच्या वर मालमत्ता असेल तर मृत्यूनंतर वारसांना तिथला इस्टेट टॅक्स लागू शकतो, 40 टक्क्यांपर्यंत, तिथले शेअर आणि ईटीएफ यात धरले जातात. तुमचे आरएसयूच आज साधारण 50 हजार डॉलरचे आहेत, त्यात 15 लाखांचा अमेरिकन ईटीएफ टाकला की तुम्ही ती रेषा ओलांडता. भारतातल्या म्युच्युअल फंडातून घेतलेल्या एस अँड पीला हा प्रश्न येत नाही.

क्रेडिट रिस्क फंड नको, सरळ नको. रिस्क घ्यायला इक्विटी आहेच की. एप्रिल 2020 मधे फ्रँकलिन टेंपल्टनने सहा डेट स्कीम एकदम बंद केल्या तेव्हा लोकांना पैसे नंतर मिळाले, पण ज्या महिन्यांत शेअर स्वस्त होते त्याच महिन्यांत ते अडकून पडले होते.

गिल्ट फंडात पैसे बुडायची भीती नाही, सरकारी रोखे आहेत, पण तुम्ही मागचे रिटर्न बघून भुललायत. रिझर्व्ह बँकेने 2025 मधे रेपो (बँकांना कर्ज देण्याचा दर) 6.5 वरून 5.25 टक्क्यांवर आणला, त्या रिटर्नमधे रेट कटचा वाटा मोठा आहे. फॅक्टशीट उघडा आणि मॉडिफाइड ड्युरेशन (दर बदलले की फंड किती हलतो त्याचं माप) बघा, दहा वर्षांच्या गिल्टला ते साडेसहा-सातच्या घरात असतं, म्हणजे दर 1 टक्का वाढले तर एनएव्ही (फंडाच्या युनिटची किंमत) साडेसहा-सात टक्के खाली. चार वर्षांनी फी भरायचीय, तेव्हा हे कशाला?

माझं मत असं, 10 लाख मुलीच्या नावाने मनात बाजूला काढा आणि सरकारी रोखे व राज्यांचे एसडीएल (राज्य सरकारांचे रोखे) असलेल्या टार्गेट मॅच्युरिटी फंडात (ठरलेल्या वर्षी मुदत संपणाऱ्या) टाका, मॅच्युरिटी तिच्या अ‍ॅडमिशनच्या आधीच्या वर्षातली निवडा, मधे दर वरखाली झाले तरी शेवटपर्यंत थांबलात तर फरक फार पडत नाही. उरलेले 5 लाख शॉर्ट ड्युरेशन किंवा बँकिंग अँड पीएसयू फंडात, डायरेक्ट प्लॅन (एजंटच्या कमिशनशिवाय), ड्युरेशन तीनच्या आत आणि जवळजवळ सगळं एएए (सगळ्यात वरची पत) किंवा सरकारी. इक्विटी जोरात पडली तर यातून काढून इंडेक्स फंडात घालायचे. अपेक्षा मात्र यील्ड टू मॅच्युरिटीमधून (रोखे मुदतीपर्यंत ठेवले तर मिळणारा दर) खर्च वजा जाता उरेल तेवढीच ठेवा. टॅक्स तुमच्या स्लॅबनेच लागेल, एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडाला इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून टॅक्स कमी करणं) नाही, पण एफडीसारखा दरवर्षी नाही तर काढाल तेव्हाच लागतो, हा फायदा लहान नाही.

खरी काळजी मला आरएसयूची वाटते. पगार पण त्याच कंपनीचा आणि सगळ्यात मोठी गुंतवणूक पण तिथेच. इथून पुढे जे व्हेस्ट होतील (म्हणजे प्रत्यक्ष तुमच्या नावावर येतील) ते त्याच आठवड्यात विका, व्हेस्टच्या दिवशीच्या किमतीवर टॅक्स पगारातून कापलेला असतोच त्यामुळे लगेच विकलं तर नफा जवळपास नसतो आणि जास्तीचा टॅक्सही नाही. जुने 24 महिन्यांच्या वरचे हळूहळू काढा, त्यांना 12.5 टक्के. आणि शेड्युल एफए (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरताय ना दरवर्षी, ते तपासा.

पीएफमधे व्हीपीएफ (स्वतःहून जास्तीचं योगदान) चालू असेल तर कळवा, कारण स्वतःचं योगदान वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलं की वरच्या भागाच्या व्याजावर टॅक्स लागतो, आणि तसं असेल तर ते कमी करून तो पैसा या 5 लाखांच्या फंडात वळवता येईल.