त्वरणच बदलू लागते तेव्हा

प्रश्न : वेग म्हणजे स्थान बदलण्याचा दर आणि त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, इथपर्यंत आम्ही शाळेत शिकलो. त्वरण बदलण्याच्या दरालाही ‘जर्क’ असे नाव असल्याचे अलीकडे वाचनात आले. न्यूटनच्या दुसऱ्या नियमात बलाचा संबंध त्वरणाशीच असताना या पुढच्या राशीची विज्ञानात खरोखर गरज पडते का? आणि मोबाइलमधील त्वरणमापकाने ती मोजता येईल का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. वस्तूचे वस्तुमान, तिच्यावरील बल आणि सुरुवातीचे स्थान व वेग ठाऊक असतील, तर तिची पुढील गती काढण्यासाठी जर्कची वेगळी माहिती लागत नाही. मात्र वस्तुमान स्थिर असताना त्वरण बलाच्या प्रमाणात असते, त्यामुळे जर्क हे बल किती झपाट्याने बदलत आहे याचे माप ठरते. गतीचे कारणच बदलत आहे, हे जर्कवरून कळते आणि माझ्या मते त्याचे खरे महत्त्व यातच आहे.

रेल्वेमार्गाचा विचार करू. सरळ रूळ 400 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाकार वळणाला थेट जोडले आणि गाडी सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर, इतक्या वेगाने तेथे आली, तर रुळांची दिशा कोठेही तुटलेली नसतानाही अभिकेंद्री (वळणाच्या केंद्राच्या दिशेने असणारे) त्वरण शून्यावरून एकदम 1 मीटर प्रति सेकंद वर्ग होते. हे टाळण्यासाठी अभियंते मध्ये संक्रमण वक्र घालतात. त्याची वक्रता अंतराच्या प्रमाणात हळूहळू वाढत जाते. हा वक्र 100 मीटर लांबीचा असेल, तर तेच त्वरण 5 सेकंदांत निर्माण होते आणि जर्क केवळ 0.2 मीटर प्रति सेकंद घन राहतो. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात, त्याचा परिणाम या हिशेबात धरलेला नाही. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, त्याच वक्रावर गाडीचा वेग दुप्पट केला तर त्वरण चौपट होते, पण जर्क आठपट होतो.

उभ्या प्रवाशाला एकसारखे त्वरण फारसे जाचत नाही, कारण स्नायू शरीर सावरून धरतात. त्यांना त्यासाठी वेळ मात्र मिळावा लागतो. एकसारखा ब्रेक लावलेले वाहन थांबते त्या क्षणी मंदन अचानक नाहीसे होते आणि त्यामुळेच शेवटचा हिसका बसतो. म्हणून कुशल चालक थांबण्याच्या जरा आधी ब्रेक सैल करतो. लिफ्टच्या रचनेत जर्कवर याच कारणाने मर्यादा घालतात. यंत्रांच्या बाबतीत प्रश्न कंपनांचा असतो, कारण बल एकाएकी बदलले की सांगाडा स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेने थरथरू लागतो.

आपले शरीरही हे पथ्य पाळताना दिसते, आणि मला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. तमार फ्लॅश आणि नेव्हिल होगन या संशोधकांनी 1985 मध्ये असे दाखवले की, हात एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे नेताना त्याचा मार्ग आणि वेग, संपूर्ण हालचालीतील जर्कच्या वर्गांची बेरीज किमान राहील असे मानून काढलेल्या गतीशी चांगले जुळतात. या गणितानुसार वेगाचा आलेख घंटेच्या आकाराचा असतो आणि कमाल वेग सरासरीच्या 1.875 पट येतो. मेंदू प्रत्यक्षात जर्क मोजतो, असे यावरून सिद्ध होत नाही. तोच आकार इतर निकषांतूनही मिळू शकतो. तरीही पक्षाघातानंतर रुग्णाची हालचाल कितपत सफाईदार झाली हे तपासताना जर्कवर आधारित मापे वापरली जातात.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासातही हीच संज्ञा आढळते. क्षेत्र बदलण्याचा दर काही वर्षे एका कलाने जातो आणि मग तो कल एकाएकी बदलतो, जसे 1969, 1978 आणि 1991 च्या सुमारास झाले. तेथे कोणतीही वस्तू हलताना आपण पाहत नसतो, परंतु बाह्य गाभ्यातील द्रवरूप लोखंडाच्या प्रवाहात काहीतरी बदलल्याची ती खूण मानली जाते.

विश्वाच्या प्रसरणाच्या बाबतीत तर जर्कने थेट सिद्धांताची परीक्षा घेता येते. दूरच्या अधिनव ताऱ्यांच्या (सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून असे दिसते की, प्रसरण आधी मंदावत होते आणि काही अब्ज वर्षांपूर्वी ते वाढत्या वेगाने होऊ लागले. भूमितीने सपाट आणि स्थिर कृष्ण ऊर्जा (प्रसरणाचा वेग वाढवणारी मानलेली अज्ञात ऊर्जा) असलेल्या विश्वाच्या प्रतिमानात, प्रारण (प्रकाशासारख्या लहरींची ऊर्जा) नगण्य धरल्यास, जर्कचे एककरहित माप सर्वकाळ 1 असते. मोजमापात ते निश्चितपणे वेगळे आढळले, तर या गृहीतकांचा फेरविचार करावा लागेल.

जर्क केवळ खूण न राहता नियमातच शिरतो, असा एक अपवाद आहे. विद्युतभारित कण प्रारण सोडतो तेव्हा त्याच्यावर होणारी प्रतिक्रिया अब्राहम-लोरेन्ट्झ सूत्रात जर्कच्या प्रमाणात येते. त्या समीकरणाला, बाहेरचे बल नसतानाही कणाचे त्वरण वाढतच जाईल, अशी अवास्तव उत्तरेही मिळतात, त्यामुळे ते शब्दशः वापरता येत नाही.

मोजमापाविषयी सांगायचे तर, मोबाइलमधील नोंदींपैकी लागोपाठच्या दोन त्वरणांतील फरकाला मधल्या वेळेने भागले की जर्क मिळतो. तसे करताना संवेदकातील बारीक थरथरही वाढते : दहापट वारंवारतेचा गोंगाट दहापट मोठा होऊन पुढे येतो. स्थानाच्या नोंदींपासून सुरुवात केली तर तीनदा हीच क्रिया करावी लागते आणि ती वाढ हजारपट होते. म्हणून आधी नोंदी गाळून सौम्य करून घ्याव्यात, आणि गाळणी कोणती वापरली हे उत्तरासोबत अवश्य नोंदवावे, कारण मिळणारा आकडा तिच्यावरही अवलंबून असतो.