फोटो वाटायला जँगो कशाला?

प्रश्न : आमच्या चपलांच्या दुकानाची वेबसाइट जँगोत (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) केली आहे. लॅपटॉपवर पान चटकन उघडते, सर्व्हरवर मात्र आठ-नऊ सेकंद लागतात. सर्व्हर उबंटूचा, पुढे इंजिनएक्स (ब्राउझरची मागणी झेलणारा वेब सर्व्हर), मागे गनिकॉर्न (जँगोचा कोड चालवणारा). पानावर ४० फोटो आहेत, प्रत्येकी २५० केबीच्या आसपास. डीबग (चाचणीपुरती असलेली सेटिंग) बंद केल्यावर डिझाइनच गायब झाले, म्हणून यूआरएलच्या फाइलमध्ये स्टॅटिक (डिझाइनच्या फाइली) आणि मीडिया (अपलोड केलेले फोटो) दोन्हींसाठी ‘सर्व्ह’ व्ह्यू जोडला. डेटाबेसला इंडेक्स लावून पाहिले, फरक नाही. रॅम वाढवू का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : रॅमचे पैसे राहू द्यात. आमचा संशय त्या ‘सर्व्ह’ व्ह्यूवर आहे. तो प्रत्येक फाइल जँगोकरवी पाठवतो आणि डेव्हलपमेंटपुरताच असतो. गनिकॉर्नला वर्करची संख्या सांगितली नाही तर तो एकच वर्कर चालवतो आणि तो एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो. म्हणजे गर्दीच्या दिवशी गल्ल्यावरच्या माणसानेच माळ्यावर चढून एकेक जोड काढून द्यायचा, तसे.

खात्री करून घ्या. क्रोममध्ये एफ-१२ दाबून ‘नेटवर्क’ उघडा, ‘डिसेबल कॅश’वर टिक करा, पान पुन्हा लोड करा. एखाद्या फोटोवर क्लिक करून ‘टायमिंग’ बघा. हिरवी पट्टी लांब असेल तर सर्व्हर उत्तर द्यायला वेळ घेतोय. निळी लांब असेल तर फाइलच जड आहे. तुमच्याकडे बहुधा दोन्ही दिसतील.

आधी हिरवी. सेटिंग्जमध्ये स्टॅटिक रूट म्हणून ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’खालचा एखादा फोल्डर द्या आणि ‘कलेक्टस्टॅटिक’ ही कमांड चालवा, ती सगळ्या स्टॅटिक फाइली त्या फोल्डरात गोळा करते. इंजिनएक्समध्ये ‘/स्टॅटिक/’ची लोकेशन लिहून ‘एलियस’ने तोच फोल्डर दाखवा. एलियसच्या शेवटचा स्लॅश विसरू नका. तो राहिला की फोल्डरचे आणि फाइलचे नाव एकमेकांना चिकटते आणि ४०४ (फाइल सापडली नाही) येतो. फोल्डर स्वतःच्या होममध्ये ठेवलात तर ४०३ (परवानगी नाही) येईल, कारण नव्या उबंटूत इंजिनएक्सच्या युजरला तिथे शिरताच येत नाही. अ‍ॅडमिनमधून चढवलेले चपलांचे फोटो ‘मीडिया’त जातात, कलेक्टस्टॅटिक त्यांना हात लावत नाही. त्यांच्यासाठी वेगळी लोकेशन लिहा, नाहीतर डिझाइन पळेल आणि फोटो तिथेच रांगेत. मग ‘सर्व्ह’च्या ओळी काढा, कॉन्फिग तपासून इंजिनएक्स रीलोड करा.

आता निळी. ४० फोटो म्हणजे १० एमबी. २० एमबीपीएसच्या लाइनवरही चार सेकंद नुसते उतरवायलाच. मोबाइलवर जोड दिसतो अंगठ्याएवढा. यादीसाठी ४०० पिक्सेल रुंदीची वेबपी (हलक्या फोटो-फॉरमॅटमधली) प्रत वेगळी बनवा, पहिल्या दोन ओळींखालच्या फोटोंना ‘लोडिंग लेझी’ लावा, म्हणजे ते खाली सरकल्यावरच उतरतील. जीझिप (फाइल दाबून लहान करून पाठवणे) चालू असले तरी ‘जीझिप टाइप्स’ न लिहिल्यास इंजिनएक्स फक्त एचटीएमएल दाबतो. तिथे सीएसएस, जावास्क्रिप्ट, एसव्हीजी लिहा. जेपेग नको, तो आधीच दाबलेला असतो.

प्रश्न : स्टॅटिक फाइलींना वर्षाची एक्सपायरी लावली. साइट वेगवान झाली, पण सीएसएस बदलली तरी गिऱ्हाइकाला जुनीच दिसते.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : वर्षभर जपून ठेव असे ब्राउझरला तुम्हीच सांगितले, तो ऐकतोय. फाइल बदलली की नावही बदलले पाहिजे. जँगोचे ‘मॅनिफेस्ट स्टॅटिक फाइल्स स्टोरेज’ नावात मजकुरावरून काढलेला १२ अक्षरी हॅश (मजकूर बदलला की बदलणारा कोड) घालते. जँगो ४.२पासून ते ‘स्टोरेजेस’ या सेटिंगमध्ये लिहितात. ‘स्टॅटिकफाइल्स स्टोरेज’ हे जुने सेटिंग ५.१मध्ये काढून टाकले आहे. ‘स्टोरेजेस’ लिहिताना ‘डिफॉल्ट’ही लिहा, नाहीतर फोटो अपलोड करताना एरर येईल. टेम्प्लेटमध्ये पत्ता हाताने लिहिला असेल तर हॅश लागत नाही, ‘स्टॅटिक’ टॅगच हवा. आणि जे चित्र आता फोल्डरात नाही त्याचा उल्लेख सीएसएसमध्ये राहिला असेल तर कलेक्टस्टॅटिक तिथेच अडेल. एररमध्ये त्या फाइलचे नाव असते.