शेवळांची भाजी घशाला खाजली. काय चुकलं असेल? शेवळं घरी लावता येतात का?

मुरबाडच्या रस्त्यावर शेवळांच्या, म्हणजे पावसाच्या तोंडाशी रानात उगवणाऱ्या फुलाच्या कोंबांच्या, दोन जुड्या घेतल्या, काकडं (आवळ्यासारखी दिसणारी आंबट हिरवी फळं) मिळाली नाहीत म्हणून चिंच घातली, तरी घसा धरला, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं चिंचेचा दोष नाही, शेवळं साफ करताना काहीतरी राहिलं असणार.

शेवळं सुरणाच्याच गोतातली. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. वरची तपकिरी पानं सोलली की आत दांडा निघतो आणि त्याच्या खालच्या अंगाला बारीक दाण्यांचा पिवळा पट्टा दिसतो. तो सगळा काढून टाकायचा, खाज तिथेच जास्त. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी तो 'किती कोवळा आहे' म्हणून ठेवला होता. सासरे जेवता जेवता उठले आणि डब्यात गुळाचा खडा शोधायला लागले. बोलले काहीच नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

हाताला तेल लावून उरलेलं अगदी बारीक चिरायचं आणि तेलावर मऊ होईपर्यंत परतायचं. काकडं ठेचून, बिया काढून, वाटून गाळायची आणि तो रस घालून भाजी चांगली रटरटू द्यायची. घाई इथेच नडते. चिंच चालते, पण सढळ हाताने हवी. मग सोडे (सुकवलेली कोळंबी) घाला, खिमा घाला नाहीतर वाल. आमच्याकडे सोडेच.

आता लावण्याचं. पुढच्या वर्षी स्वतः रानात जाऊन कंद खणून आणायचा विचार असेल, तर तो सोडा. कातकरी, ठाकर बायका नुसता कोंब खुडतात, कंद मातीतच राहतो आणि पुढच्या मृगाला तिथेच पुन्हा उगवतो. तुम्ही खणलात की ती जागा संपली. शिवाय त्याच दिवसांत सापकांदा नावाची रानवनस्पतीही नागासारखा फणा काढून उभी असते, ती विषारी. नवख्याने एकट्याने जाऊच नये.

ओळखीच्या कुणाच्या बांधावरचा कंद मिळाला तर मे महिन्यात कुंडीत लावा. माती पाण्याचा निचरा होणारी हवी, जागा सावलीची. पावसाळा सरला की पान वाळतं, मग पाणी पूर्ण बंद, नाहीतर कंद सडतो. पण कंद मोठा झाल्याशिवाय शेवळ येत नाही, वर्षाला एक पान येतं तेवढंच. हे पान म्हणजे लोत, कोवळं असताना त्याचीही भाजी होते. माझ्या कुंडीत चार वर्षं पानच येतंय. तिसऱ्या वर्षी धीर सुटला आणि मी ते खुडून भाजी केली, काकडं घालूनच. चौथ्या वर्षी आलेलं पान आधीपेक्षा बारीक होतं.