पार्ट टाइम नोकरी आहे, बाजूला फ्रीलान्स कामं पण करतो, क्लायंट पैसे देतानाच कर (टीडीएस) कापतो, तरी रिटर्नमध्ये दाखवावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीत इंटिरियरवाल्यांकडे अर्धवेळ नोकरी, पगार २२ हजार, घरून ड्रॉइंग करून महिन्याला साधारण १५ हजारांची बिलं होतात आणि क्लायंट १० टक्के कापूनच पैसे देतात, मग वेगळं काय दाखवायचं. दाखवायचं, आणि त्यात फायदा तुमचाच आहे. टीडीएस कापला म्हणजे विषय मिटला असं नसतं, तो नुसता तुमच्या पॅनवर जमा होऊन पडतो.

मी पण ह्याच लायनीत, सकाळी परळला ऑफिस आणि संध्याकाळी किचन-वॉर्डरोबची ड्रॉइंग. जुलै २०२४ मध्ये फॉर्म १६ (ऑफिसकडून मिळणारा पगार आणि टीडीएसचा दाखला) समोर ठेवून आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म भरला आणि मोकळी झाले. नंतर मैत्रिणीने इन्कम टॅक्सच्या साइटवरचं एआयएस (आपल्या पॅनवर नोंदलेल्या उत्पन्नाचा तक्ता) उघडायला लावलं तर त्यात क्लायंटचं नाव, दिलेली रक्कम, कापलेला टीडीएस, सगळं ओळीने मांडलेलं, पोटात गोळाच आला. डिसेंबरात सुधारित रिटर्न भरला तेव्हा कुठे झोप लागली.

तर आयटीआर-१ नको, त्यात धंदा-व्यवसायाचं उत्पन्न बसतच नाही, आयटीआर-४ भरा. इंटिरियरचं काम इन्कम टॅक्सच्या कलम ४४एडीएच्या यादीत आहे, म्हणजे जमा रकमेच्या निम्मे उत्पन्न दाखवलं तरी चालतं, खर्चाची बिलं जपत बसायला नको (हे सगळ्यांना लागू नाही हं, यादी ठरलेली आहे, भाषांतर वगैरे करणाऱ्यांनी सीएला विचारूनच भरा). आता तुमचाच हिशोब २०२५-२६ आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीने करा. पगार २,६४,०००, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठरलेली वजावट) ७५,००० वजा, राहिले १,८९,०००. बाहेरचे १,८०,०००, निम्मे ९०,०००. एकूण २,७९,०००, आणि ४ लाखांपर्यंत करच नाही. म्हणजे कापलेले १८,००० सगळे परत, पण रिटर्न भरला तरच, आपणहून कोणी आणून देत नाही!

ऑफिसला कळेल ही भीती पण सोडा, रिटर्नची कॉपी त्यांच्याकडे जात नाही. पुढे कामं वाढली आणि टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा जास्त कर निघायला लागला तर १५ मार्चपर्यंत आगाऊ कर भरायचा, नाहीतर व्याज लागतं.

आणि एक वही घाला. तारीख, कोणाकडून, किती आले, किती कापले, बस. मी जूनमध्ये वही आणि एआयएस शेजारी ठेवून एकेक ओळ टिक करते, गेल्या वर्षी एकाने ४,००० कापले होते पण सरकारकडे भरलेच नव्हते, वहीत तारखेसकट होतं म्हणून फोन करून रिटर्नच्या आधी भरून घेता आले.