उरेप पट्टी म्हणा, "अरेबिक पट्टी" हा शब्दच नाही

प्रश्न असा आलाय की जुन्या चादरीतून घरच्या घरी ऍप्रन शिवायला घेतलाय, शिवणक्लासच्या बाई कडेला "उरेप पट्टी" (कापड तिरपं कापून काढलेली पट्टी) लाव म्हणतात आणि व्हिडिओत मात्र "अरेबिक पट्टी" ऐकू येतं, तर खरं काय, आणि ऍप्रनला मराठी शब्द कोणता.

बाईंचं बरोबर आहे. अरबस्तानाचा इथे काहीएक संबंध नाही. हिंदीत हिला औरेब म्हणतात, माझ्या मते त्याचंच ऐकताना अरेब झालं आणि मग कुणीतरी शहाणपणाने त्याचं अरेबिक करून टाकलं. हल्ली हे इतकं कानावर पडतं की चीड येते, कारण उरेप हा इतका नेमका शब्द आपल्याकडे आयता आहे.

मूळ शब्द फारसी, उरेब, म्हणजे तिरकं, वाकडं. शेवटच्या ब चा आपण प केला, अरबी-फारसी जब्तचं जप्त केलं तसाच. आणि खरी गंमत पुढे आहे, इराणमध्ये आजही ह्याच पट्टीला "नवार-ए-ओरीब" म्हणतात. ह्यातली नवार ओळखलीत ना? तीच हो, पलंगाला विणतात ती! म्हणजे इराणी शिंप्याचे दोन्ही शब्द आपल्या घरात आहेत, एक पलंगावर नि एक शिवणाच्या डब्यात.

आता माझं एक लाडकं मत सांगते. सुई, दोरा, टाका, कातर, शिवणे हे सगळं आपलं जुनं, संस्कृत-प्राकृतातून आलेलं. पण अस्तर, बखिया (पक्का टाका), नेफा (नाडी ओवायची जागा), पन्हा (कापडाची रुंदी), खिसा, उरेप ही मंडळी फारसीच्या वाटेने आली. मला ह्यात सरळ दिसतं की कापड जोडणं आपल्याला येतच होतं, अंगाच्या वळणाला बसेल असं बेतून कापायची भाषा मात्र दरबारी अंगरख्यांबरोबर आली. शुद्धीवाल्यांना हे पटत नाही, ते "तिर्यक पट्टी" सुचवतात. कवी माधव जूलियन ह्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, इथे शुद्धी करायला गेलात तर अर्थच सांडतो. तिरपं काय, कुठल्याही कोनात असतं. उरेप म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याच्या बरोब्बर मधून, ४५ अंशात.

करून बघा. कापडाचा काठ उचलून आडव्या कापलेल्या कडेवर आणा, त्रिकोणी घडी पडेल, त्या घडीवर नख फिरवा, ती रेघ म्हणजे उरेप. तिला समांतर दीड इंचाची पट्टी कापा आणि दोन्ही टोकं धरून ओढा, रबरासारखी ताणते. आता तेवढीच सरळ पट्टी ओढा, जागची हलत नाही, कारण धागाच ताणला जातोय, विण नाही. ऍप्रनला छातीपासून काखेखाली जो खोलगट गोलवा असतो ना, तिथे सरळ पट्टी लावली की चुण्या पडतात आणि कितीही इस्त्री फिरवा त्या जात नाहीत. म्हणून कुठल्याही पायपिंगला, म्हणजे कडेच्या बारीक पट्टीला, उरेप म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो, सरळ कापलेली पट्टी ही गोट असेल, पायपिंग असेल, उरेप नाही म्हणजे नाही!

चादर जुनी असेल तर मधला विरलेला भाग सोडा, पट्टी कडेच्या घट्ट भागातून काढा, आणि दोन पट्ट्यांचा जोडसुद्धा तिरपाच घ्या, सरळ जोड दिला की गोलव्यावर तिथेच गाठ आल्यासारखं जाड होतं.

ऍप्रनला ऍप्रनच म्हणा, सगळ्यांना कळतं.