जराशास्त्र (वृद्धत्वाचा अभ्यास) आणि साथरोगशास्त्र (आजार कुणाला, किती आणि का होतात याचा अभ्यास), दोन्हींत एकत्र पदव्युत्तर पदवी घ्यावी का?

वृद्धांच्या आजारांवर संशोधन करायचं असेल तर जरूर घ्या. वृद्धाश्रम चालवायचा असेल तर एकटं जराशास्त्र पुरे. मी सर्वेक्षणाच्या डेटावर काम करतो. ‘वर्षभरात पडलात का?’ विचारलं की आजी ‘नाही’ म्हणतात. ‘मोरीत पाय घसरला का?’ म्हटलं की ‘हो, दोनदा!’ विचारायचं कसं ते जराशास्त्र शिकवतं, त्यातून धोका मोजायचा कसा ते साथरोगशास्त्र. (नाव फसवं आहे, मधुमेह-रक्तदाबही त्यातच येतात.) मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेच्या ‘लासी’ या वृद्धत्वावरच्या देशव्यापी सर्वेक्षणात (२०१७-१८) साठीच्या पुढचेच ३१,०००हून अधिक लोक आहेत, त्यावर हात बसवा. मात्र काही क्रेडिट दोन्ही पदव्यांना धरतात का, ते प्रवेशाआधी विचारा. नाहीतर फी आणि वर्षं दुप्पट.