मैनेला घाम येत नाही आणि केसही गळत नाहीत

प्रश्न : नमस्कार डॉक्टर ताई. आम्ही हिंगणा रोडला राहतो. आमच्याकडे मैना नावाची पांढरी घोडी आहे, वय २४ च्या आसपास. मामाजींनी घेतली तेव्हा ती काळपट होती, मग हळूहळू पांढरी झाली आणि १०-१२ वर्षं वरातीत चालली. आता चार वर्षांपासून घरीच आहे, काम काहीच नाही. पण यंदा एप्रिलपासून तिचं काहीतरी बिघडून राहिलं. दुपारी नाकपुड्या फुगवून धापा टाकते, मी मोजले तर मिनिटाला ४५-५० श्वास, आणि अंग मात्र कोरडं ठाक. केस हिवाळ्यातले तसेच आहेत, लांब, मेंढीसारखे, शेजारचे म्हणतात काय मस्त केस आहेत. पाणी खूप पिते, मुततेही तेवढंच. गवत चावते आणि गोळा करून खाली टाकून देते. पुढचे पाय जपून टाकते. शेपटीखाली काळ्या गाठी आहेत त्या वेगळ्याच. मामाजी म्हणतात वय झालं, उन्हाळा लागला, रोज गूळपाणी द्या, आणि तापलेल्या अंगावर थंड पाणी टाकायचं नाही, लकवा मारते. मी पाइप हातात घेतला की रागावतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला आहे, मला खूप भीती वाटून राहिली. काय करू?
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : ताई, तुम्ही श्वास मोजले हे फार चांगलं केलं, अर्धं उत्तर त्या आकड्यातच आहे. निवांत उभ्या असलेल्या घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६ असतात, गरमीत थोडे वाढतात, पण सावलीत उभं राहून ४५-५० म्हणजे घामाने जे व्हायला पाहिजे ते ती श्वासाने करून राहिली आहे. घोड्याचं शरीर थंड होतं ते मुख्यतः घामानेच. घाम बंद झाला की नागपूरच्या ४५ डिग्रीत त्याच्याकडे दुसरा उपाय फारसा उरत नाही. म्हणून आजपासून तो घाम तुम्ही पाण्याने द्यायचा.

मामाजींची भीती खोटेपणाची नाही, जुन्या जाणत्या लोकांकडून मी हे खूपदा ऐकलं आहे, मला वाटतं कामावरून आलेला घोडा पाय आखडून उभा राहायचा आणि दोष पाण्यावर जायचा. पण १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी याच प्रश्नावर बराच अभ्यास झाला, कारण तिथेही गरमी भयंकर होती, आणि तेव्हापासून स्पर्धेतून धावून आलेल्या तापलेल्या घोड्यांवर बर्फाचं पाणीसुद्धा सर्रास टाकतात. लकवा मारत नाही. मामाजींना हे माझ्या नावाने सांगा, आणि पहिल्या दिवशी पाइप त्यांच्याच हातात द्या, मैनेचा जीव त्यांच्यावर जास्त असेल.

एक गोष्ट मात्र सांभाळा. आपल्याकडे गच्चीवरची काळी टाकी दुपारी चुलीवर ठेवल्यासारखी तापते. मी एकदा घाईत पाइप सरळ एका म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीवर धरला आणि तो बिचारा उसळला, पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम होतं. तेव्हा आधी पाणी वाहू द्या, हातावर घेऊन बघा, नाहीतर सकाळीच सावलीत ड्रम भरून ठेवा आणि मग्ग्याने टाका. मान, छाती, पोट, मांड्यांच्या आतली बाजू, सगळीकडे, आणि थांबू नका, श्वास उतरेपर्यंत टाकत राहा. ओलं पोतं पाठीवर घालून ठेवू नका, ते थोड्या वेळाने गरम होतं आणि उष्णता आतच कोंडते.

आता केस. शेजाऱ्यांना जे मस्त वाटून राहिलं ते मला सगळ्यात जास्त खटकलं. म्हाताऱ्या घोड्याचे केस उन्हाळ्यात गळत नाहीत, लांब कुरळे राहतात, सोबत पाणी जास्त, लघवी जास्त, पाय दुखरे, हे सगळं एकत्र दिसलं की कुशिंग नावाच्या आजाराचा संशय घ्यायचा. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची छोटी ग्रंथी असते, वयानुसार तिच्यावरचा लगाम सुटतो आणि ती हार्मोन जास्त सोडायला लागते. वयामुळे होतं हे खरं, पण याची रक्ताची तपासणी आहे, एसीटीएच म्हणतात, आणि पर्गोलाइड नावाचं औषध आहे जे पुढे कायम चालू ठेवावं लागतं. रक्त काढल्यावर लगेच थंड ठेवावं लागतं, आपल्या उन्हात नमुना खराब होतो, म्हणून सकाळी लवकर बोलवा आणि बर्फाचा डबा तयार ठेवा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, मैनेला गाडीत घालून न्यायची गरज नाही, या उन्हात तर नाहीच. घरी डॉक्टर येत नसेल तर १९६२ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, फिरत्या पथकासाठी.

रिपोर्टची वाट बघत केस तसेच ठेवू नका. पहाटे पाच-साडेपाचला ट्रिमरने काढा, दोन-तीन दिवसांत थोडे थोडे, म्हातारीला एकदम तासभर उभं ठेवू नका. नाकावर कुठे गुलाबी कातडी असेल तर ती उन्हात भाजते, तिथे झिंक ऑक्साइडचं मलम लावा आणि दिवसभर सावली. केस काढल्यावर घाम खरंच येतो का ते नीट कळेल. आपली हवा इतकी कोरडी की घाम आला तरी वाळून जातो, तेव्हा आयाळीच्या खाली हात घालून बघा, कातडीवर पांढरी मिठाची खर दिसते का बघा. तिथेही काही नसेल तर घाम बंद आहे असं धरा. त्याचं हमखास औषध नाही, थंड जागा हाच उपाय.

गूळपाणी आजच बंद करा, यात दुमत नाही. कुशिंगच्या घोड्याला साखर म्हणजे खुराच्या आतली सूज, लॅमिनायटिस, आणि पाय जपून टाकते म्हणजे ती कदाचित सुरूच झाली असेल. दुपारी खूर चाचपून काही कळणार नाही, दुपारी नागपुरात दगडही तापतो. पहाटे हात लावा. चारमधले पुढचे दोन खूरच गरम लागले, किंवा खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणठण लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोपर्यंत पायाखाली मऊ वाळू. नालबंदाला बोलवा पण डॉक्टरांशी बोलून. कोणी धापेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन देत असेल तर कुशिंगचा संशय आहे हे आधी सांगा, त्याने खूर आणखी बिघडू शकतात. आणि दुखतं म्हणून मनाने पेनकिलर देऊ नका, पाणी कमी पडलेल्या घोड्याच्या किडनीवर ते जातं.

मिठाचं मात्र उलट आहे. चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, रोज साधारण ३० ग्रॅम साधं मीठ, म्हणजे दोन मोठे चमचे, आणि साधं पाणी कायम समोर. पिते जास्त म्हणून कोणी पाणी तोडायला सांगितलं तर ऐकू नका, लघवी जास्त आहे म्हणून ती पिऊन राहिली. हौद सावलीत हवा, गरम पाण्याला घोडा तोंड लावत नाही.

गवताचे गोळे दातांचे आहेत. एक गोळा उचलून हातात दाबून बघा, ओला, सिगारसारखा वळलेला, आत लांब काड्या तशाच दिसतील. चावलं गेलंच नाही. दात तपासून घासून घ्या, तोवर चंदी भिजवून लापशीसारखी, गवत बारीक कापून, भिजवून. पण उन्हात भिजवलेलं दोन-तीन तासांत आंबतं, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. गाईचं किंवा कोंबडीचं तयार खाद्य चुकूनही नको, काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला मारतं.

तबेल्यात टिन असेल तर वरून चुना मारा, खाली हिरवी जाळी. कूलर आपल्या कोरड्या मे महिन्यात उत्तम काम करतो, पाऊस लागला की नाही, तेव्हा नुसता पंखा. कूलरची वायर तिच्या तोंडापासून लांब आणि अर्थिंग नीट पाहिजे, ओल्या जमिनीवर नाल मारलेला घोडा करंटला फार लवकर बळी पडतो.

शेपटीखालच्या गाठींची घाई नाही. पांढऱ्या होत गेलेल्या बहुतेक म्हाताऱ्या घोड्यांना त्या येतात, मेलॅनोमा म्हणतात. लीद अडत असेल किंवा गाठ फुटली तर दाखवा, कोणाकडूनही कापून घेऊ नका.

आणि मेडिकलमधून एक डिजिटल थर्मामीटर आणा, टोकाला दोरी बांधा, गुदद्वारातून ताप घ्या, पहाटे आणि चार वाजता, वहीत लिहा. ३७.५ ते ३८.५ ठीक. ४० ला पोहोचला की पाणी सुरू आणि डॉक्टरला फोन. ४१ झाला, लडखडायला लागली, खाणं सोडलं, तर एक मिनिट वाट बघू नका.

प्रश्न : ताई, माझा घोडा १९ वर्षांचा आहे, वरातीचं काम करतो. मे मध्ये लग्नं खूप, दुपारचीही वरात लोक मागतात. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं. किती वेळ चालवावा?
– एक वाचक, कामठी

उत्तर : भाऊ, दुपारची घेऊच नका. १९६५ पासून केंद्राचे ओझं वाहणाऱ्या जनावरांचे नियम आहेत, त्यात ३७ डिग्रीच्या वर तापमान जिथे जातं तिथे दुपारी १२ ते ३ जनावर कामाला लावता येत नाही असं स्पष्ट आहे, आणि मे मध्ये कामठीत ३७ तर सकाळी दहालाच होतात. गिऱ्हाइकाला कायदा दाखवा, तुमची बाजू मजबूत होते. संध्याकाळची सातनंतरची घ्या, डांबर तोवर थोडं निवतं. मखमली झूल आणि टिकल्यांचा साज नवरदेव बसायच्या वेळीच घाला, उतरला की लगेच काढा, मंडपाच्या दारात पाण्याची बादली ठेवायला लग्नघरच्यांना आधीच सांगा. डीजेच्या गाडीपासून लांब चालवा. घरी आल्यावर खरारा करताना पाठीवर साजाखाली घाम आला होता का बघत जा, एखाद्या दिवशी ती जागा कोरडी दिसली आणि धाप लागलेली असली तर त्या हंगामाचं काम थांबवा आणि मला लिहा.